वाढत्या अंगाचा परकर

मी महानंदा. खटकचिंचोळीत बसस्टँडमागच्या गल्लीत बायकांचे नि पोरींचे कपडे शिवते. माझ्या लेकीला बघणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्यासारख्या आणखी आया माझ्याकडं येतात, घाबरलेल्या असतात. त्यांच्यासाठी लिहा." मी म्हणलं, मला ब्लाऊज शिवता येतं, लिहिता कुठलं यायला! "मग जसं बोलता तसं लिहा," म्हणाल्या. म्हणून हे बोलणंच समजा.

आधीच सांगते, ह्यात माझी एक लबाडी आहे. ती मी लपवणार नाही. आणि लेकीचा मला जो गर्व आहे तो बी लपवणार नाही. ज्याच्या डोळ्यात खुपंल त्यानं पान उलटावं.

आमच्या घरची चाल

माझं माहेर हुलसूरजवळच्या एका खेड्यात. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाचे पाय गुडघ्यातून बाहेरच्या अंगाला वाकलेले. तिच्या आईचे तसेच होते. माझे बी तसेच. एक मामा होता, त्याच्या पायांमधून कोंबडी पळून जाईल असं गल्लीतली पोरं चिडवायची. आम्ही सगळेच बुटके नि सगळेच झुलत चालणारे.

पण आमच्यात ह्याला कोणी दुखणं म्हणलंच नाही. अव्वा तोऱ्यात सांगायची, "बाजारात हजार बाया असू द्या, आमच्या घरची बाई लांबून वळखू येती. हत्तिणीची चाल हाय ती, कोणाला बी जमत न्हाई." आणि खरंच, बाजारात अनोळखी माणूस मला थांबवून विचारायचा, "अमकीची लेक का गं तू?" मी फुगून मान हलवायची. अव्वाचे दात तिशीतच गेले. माझ्या हिरड्या दाताला कीड नसताना सुजायच्या, मांड्या ठणकायच्या. त्याचा नि चालीचा काही संबंध असंल असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. दुखण्यालाच आम्ही घराण्याचा मान समजून बसलो होतो.

मला बघायला पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी मला अंगणात चालायला लावलं. त्यांना मी आत्या म्हणते. दोन येरझाऱ्या बघून त्या म्हणाल्या, "तुमच्या बोअरच्या पाण्यात दोष हाय. पाण्यानं पाय वाकतेत. आमच्याकडचं पाणी गोड हाय, लेकरं सरळ व्हतील." पोरगी शिवणकाम करती, घर धरून राहील, एवढं बघून त्यांनी होकार दिला. अव्वाला पाण्याची गोष्ट लागली, पण मला पटली. पटली म्हणजे किती, तर बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा आत्यांनी टमटममधी पाण्याचे कॅन भरून दिले, आणि मी माहेरात बसून निमूट सासरचं पाणी प्याले.

लेक झाली. नाव ठेवलं दानेश्वरी. आम्ही दानू म्हणतो.

पंचमी

आमच्याकडं नागपंचमी म्हणजे पोरींचा सण. झाडाझाडाला झोके, नवे कपडे, दिवसभर हुंदडणं. दानूला चौथं लागलं त्या पंचमीला मी तिला हिरव्या खणाचा परकर शिवला. लेकराचं कापड वाढत्या अंगाचंच शिवायचं असतं. खालून आठ बोटं कापड आत दुमडून चार टिपा मारल्या. दर पंचमीला एक टीप उसवायची, परकर दोन बोटं खाली सोडायचा. चार वर्षांची बेगमी करून ठेवली होती मी.

पुढच्या पंचमीला परकर पेटीतून काढला, दानूला घातला. घोट्याच्या वर जिथं गेल्या वर्षी होता, तिथंच होता.

मी टेप लावली. मग परत लावली. मग टेपच आटली की काय म्हणून दुसरी टेप काढली. पोरगी वर्षात अर्धं बोट बी वाढली नव्हती. मग मी तिच्या टाचा जुळवून उभं केलं नि गुडघ्यांकडं बघितलं. दोन गुडघ्यांच्या मधी माझी तीन बोटं आरामात गेली. आमच्या सासरचं गोड पाणी पिऊन वाढलेली पोरगी, आणि पाय माझेच.

अशा वेळी शहाणी बाई काय करंल? लेकराला उचलून दवाखान्यात पळंल. मी काय केलं? दार लावलं. परकराचा वरचा नेफा, म्हणजे नाडी ओवायची जागा, तिथून दोन बोटांची पट्टी कापली आणि नवा नेफा शिवला. खालची एक टीप उसवली. वरून दोन बोटं गेली, खालून दोन बोटं आली, परकर होता तेवढाच राहिला. पण खाली उसवलेल्या टिपेची घडी दिसायला लागली. बायका घडीच बघतात. झोक्याजवळ शेजारीण म्हणाली, "अगं बाई, टीप सोडलीस! वाढली की गं दानू!" मी हसले.

कामून केलं असं? भ्याले, दुसरं काय. पाण्याचा दोष नाही म्हणलं की मग दोष कोणाचा उरतो? माझा. शेजारीण काय म्हणंल, नवरा काय म्हणंल, आत्या काय म्हणतील, ह्याचा विचार मी रोज केला आणि लेकीच्या हाडांचा टाळला. गुपचूप कॅल्शियमची बाटली आणून पाजली, ताकदीची पावडर पाजली, परकर घेरदार शिवले. असं एक वर्ष घालवलं. ते वर्ष मला कोणी परत देणार नाही.

आत्यांची वाकळ

माझ्याकडच्या चिंध्या आत्या वाकळीसाठी गोळा करतात. पुढची पंचमी जवळ आली होती, त्या ओट्यावर चिंध्या निवडत बसल्या होत्या. एकदम आवाज दिला, "महानंदा, इकडं ये."

हातात हिरव्या खणाची पट्टी होती.

"ही दानूच्या परकराची हाय ना?"

"व्हय."

"नेफ्याची हाय. वरून कापलीस. खालून सोडायच्या कापडाला वरून कामून कापलीस?"

आत्यांनी दानूला हाक मारली. ती झुलत झुलत आली. आत्यांनी तिला दाराला टेकून उभं केलं, परकर वर धरला आणि तिच्या गुडघ्यांमधी आपली बोटं घालून बघितली. मला वाटलं, आता माझ्या सात पिढ्या निघतील.

"सा वर्सं," त्या म्हणाल्या, "सा वर्सं मी त्या बिचाऱ्या पाण्याला शिव्या घालायलेय." आणि मग माझ्याकडं न बघता, "तू खुळी हायेस. पण मी बी खुळीच. सकाळी दवाखान्याला जायचं."

पट्टी त्यांनी वाकळीत घातली नाही. घडी घालून आपल्या पेटीत ठेवून दिली.

नवऱ्याला, शिवराजला, संध्याकाळी कळलं. ते मालाचा टमटम चालवतात. एवढंच म्हणाले, "तुला वर्षापासून ठाऊक व्हतं?" आणि पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तीन डबे

जवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी मुडदूस सांगितला आणि इंजेक्शनं दिली. काही महिने गेले, फरक नाही. ते मात्र सरळ माणूस. म्हणाले, "माझ्या औषधानं सुधारायला पाहिजे होतं, सुधारत नाही. कलबुर्गीला किडनीच्या डॉक्टरांना दाखवा." मी शिवराजकडं बघितलं. वाकलेत पाय, नि दाखवायचं किडनीला? हे म्हणजे दुखतंय म्हशीला नि इंजेक्शन पखालीला.

कलबुर्गीच्या डॉक्टरबाईंनी आधी दानूला बघितलं. मग कानडीत, मग दखनीत मला विचारलं, "अम्मा, घर में और किसके पावां ऐसे हैं?" मी उभी राहिले आणि साडी वीतभर वर धरली. लग्नानंतर परक्या माणसापुढं पहिल्यांदा. त्या म्हणाल्या, "आईलाही बोलवा."

अव्वा आली. बाईंनी आम्हा तिघींना व्हरांड्यात चालायला लावलं. पुढं अव्वा, मधी मी, मागं दानू. अव्वाला वाटलं कौतुकानं बघायलेत, तिनं मान आणखी ताठ केली. मागून मला तिची चाल दिसत होती आणि मला रडू येत होतं, कारण मला कळून चुकलं होतं.

मग तपासण्यांसाठी चार दिवस भरती. आम्हा तिघींना तीन डबे दिले. दिवसभराची सगळी लघवी डब्यात साठवायची, एक थेंब वाया घालवायचा नाही. डब्यांवर नावं लिहिलेली. अव्वा लाजून मरायची पाळी. "देवा, ह्या वयात मूत जपायची येळ आली." दानूला मात्र खेळ वाटला. ती दर वेळी येऊन सांगायची, "आज्जी, माझा डबा तुझ्यापेक्षा जास्ती भरलाय!" सगळा वॉर्ड हसायचा. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं आम्हाला रोज दोन ज्वारीच्या भाकरी दिल्या, आमचं नाव गाव न विचारता. मला तिच्या भाकरीची चव अजून आठवती.

पाचव्या दिवशी बाईंनी समजावलं. हाडाला घट्टपणा देणारा एक क्षार असतो, फॉस्फेट. तो आपल्या खाण्यातून येतो. आमच्या किडन्या तो अंगात धरून ठेवत नाहीत, लघवीवाटं सोडून देतात. म्हणून हाड मऊ राहतं आणि वजनानं वाकतं. दात, हिरड्या, मांड्यांचा ठणका, सगळं त्याचंच. आजार जन्मापासूनचा, घराण्यातून येणारा. पाण्याचा काही संबंध नाही. वर माझ्या एक्स-रेच्या फोटोत निघालं की माझ्या मांडीच्या हाडाला तडा आहे, आणि त्या पायानं मी रोज मशीन मारायलेय.

अव्वानं माझा हात धरला. "मंग ही चाल... हे मी दिलं व्हय तुला? नि तू हिला?"

मी म्हणलं, "अव्वा, हे शिवणारे हात बी तूच दिलेस." ती भिंतीकडं तोंड करून बसली. हत्तिणीची गोष्ट तिनं परत कधी काढली नाही.

मी बाईंना विचारलं, "दानूचे पाय सरळ व्हतील का?"

"औषध नेमानं दिलं तर हाड वाढता वाढता सरळ होऊ शकतं. तिसऱ्या वर्षी बघू. नाही झालं तर हाड कापून सरळ करावं लागेल."

"मी एक वर्ष लपवलं. त्यानं काय बिघडलं का?"

बाई खोटं बोलल्या नाहीत. "लवकर आला असतात तर बरं झालं असतं. पण आता आलात ना. आता वेळ चुकवू नका." मी तिथंच, पेशंटांच्या रांगेसमोर, पदर तोंडाला लावून रडले.

पाच वेळा

फॉस्फेटची पुडी पाण्यात विरघळवून पाच वेळा प्यायची, पहाटे उठल्यापासून निजेपर्यंत. बरोबर एक गोळी. चव अशी की साबणाच्या पाण्यात मीठ टाकलंय. पहिल्या महिन्यात दानूचं पोट सारखं बिघडायचं. एकदा शाळेत घागरा खराब झाला आणि पोरं हसली. घरी येऊन तिनं ग्लास भिंतीवर फेकला. "मला सरळ पाय नगं! मला हे नगं!" मी तिला धरून बसले. माझाच तोल सुटला होता, तिला काय समजावणार!

पहिला अडथळा मात्र घरातच होता. आमच्याकडं आत्यांची लिंगपूजा झाल्याबिगर घरात कोणी पाण्याचा घोट घेत नाही. पूजा व्हायची साडेसातला, आणि औषधाची पहिली वेळ सहाची. पहिल्या दिवशी मी सहाला दानूला ग्लास दिला. आत्यांनी बघितलं. मला वाटलं, आता भांडणाला तोंड फुटणार. दुसऱ्या दिवशी मी उठते तर आत्या न्हाऊन, कपाळाला विभूती लावून बसलेल्या. पूजा आटोपलेली.

"दानू, आधी तीर्थ घे. मंग औषध. तोंड वाकडं करायचं न्हाई, देव बघायलाय."

तेव्हापासून आजपर्यंत थंडी असो, ताप असो, आत्या पाचला उठतात. एक दिवस चुकला नाही. लोक सासूची गाऱ्हाणी सांगतात. मी माझ्या सासूचा गर्व सांगते.

शिवराजचा अबोला बी एक दिवस मोडला. मला तीन महिने मशीन मारायची बंदी होती, मी नुसती हुक नि बटणं लावत बसायची. एका दुपारी ते टमटममधून एक मोटार घेऊन आले, मशीनला बसवली, पट्टा चढवला, बटण दाबून बघितलं. "आता पाय मारू नको," म्हणाले. आणि पट्टा नीट करता करता, "भ्याली व्हतीस तर मला सांगायचं. मी काय खायलो व्हतो तुला?" मी मशीनवर डोकं ठेवून रडले नि मग हसले. ते चहा मागत बसले.

दानू बी हळूहळू तयार झाली. शाळेत डबा असतो तशी तिची औषधाची बाटली. वर्गात कोणी "वाकडपायी" म्हणलं, तर घरी येऊन रडायची. एक दिवस रडली नाही. म्हणाली, "मी सांगितलं तिला, वाकडे हायेत, पण सरळ व्हायलेत. तू नुसती बघत ऱ्हा." हे ऐकून मी गल्लीतून दोन चकरा मारून आले, कोणाला तरी सांगावंच लागत होतं.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिच्या टाचा जुळवायची, गुडघ्यांमधलं अंतर टेपनं घ्यायची आणि कपाटाच्या दाराला आतून खडूची रेघ मारायची. सुरुवातीला चार बोटं. सहा महिने काहीच हललं नाही. रेघेवर रेघ. त्या सहा महिन्यांत मी काय खाल्लं, काय शिवलं, मला आठवत नाही. मग एक रेघ जराशी आत आली. मी आत्यांना बोलावलं. आत्या चष्मा लावून बघतात, म्हणतात, "खडू जाड हाय गं तुझा." पुढच्या महिन्याला आणखी आत आली. आत्यांनी त्या दिवशी गव्हाची गोड हुग्गी केली.

दर खेपेला मी माझी मापं डॉक्टरबाईंना दाखवायची. एकदा त्यांनी आपली मोजणी माझ्या मोजणीशी ताडून बघितली नि बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरांना म्हणाल्या, "ह्यांचं माप लिहून घ्या. ह्यांचा हात आपल्यापेक्षा बरोबर आहे." सातवी शिकलेली बाई मी. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

जोड

तिसऱ्या वर्षी, ह्या पंचमीच्या आधी, आम्ही फोटो काढायला गेलो. बाई फोटो उजेडाला धरून किती वेळ बघत होत्या. शिवराजनं माझा हात घट्ट धरला होता, भर दवाखान्यात.

"हाड कापायची गरज नाही," बाई म्हणाल्या. "औषध मात्र सुटणार नाही. वाढ होईपर्यंत तर नाहीच."

उगीच गोड सांगत नाही. माझे पाय जन्मभर असेच राहतील, कंबर दुखती ती दुखतीच. दानूच्या किडन्यांची सोनोग्राफी दर वर्षी करावी लागती. पुढं तिचं लग्न, लेकरू, त्याची काळजी आहेच. पण तिच्या गुडघ्यांमधून आता माझं एक बोट बी जात नाही.

पंचमीला तिनं स्वतःच पेटीतून तो हिरवा परकर काढला. आता तिला नववं लागलंय. मधल्या पंचम्यांना मी त्याला हात लावला नव्हता, आता उरलेल्या तिन्ही टिपा उसवल्या. घातला. घोट्याच्या वर दोन बोटं राहिला. कापड संपलं होतं, पोरगी पुढं गेली होती.

"आखूड झाला," दानू म्हणाली, आणि तिचं तोंड उतरलं.

आत्या उठल्या. आपली पेटी उघडली, तळातून खणाची पट्टी काढली नि माझ्यापुढं टाकली. "जोड."

मोजायची गरज नव्हती. दोन बोटांचीच होती. तीन वर्षं पेटीत राहून तिचा हिरवा रंग परकरापेक्षा गडद राहिला होता. मी वरच्या नेफ्याला जोडली. नेहमी मी जोड लपवते, तो माझा धंदाच आहे. ह्या वेळी डब्यातून लाल दोरा काढला आणि उठून दिसंल अशी टीप मारली.

झोक्याजवळ तीच शेजारीण होती. बघून म्हणाली, "महानंदा, तुझ्या हातचं नि जोड दिसायलाय की गं!"

"दिसू दे," मी म्हणलं. आणि तिला सगळी गोष्ट सांगितली, लबाडीसकट.

अव्वा सणाला आली होती, ओट्यावर पाय पसरून बसली होती. दुपारच्या औषधाची वेळ झाली तशी दानूनं कोणी न सांगता झोका थांबवला आणि अंगण ओलांडून ग्लास प्यायला निघाली. सरळ, भराभर, परकर घोट्याला लागत. अव्वा तिच्या पावलांकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले.

"महानंदा," ती हळूच म्हणाली, "बाजारात हिला चालीवरून कोणी वळखणार न्हाई गं."

"नावानं वळखतील, अव्वा," मी म्हणलं.